फौजी मनगटी घड्याळांवरील लेख व त्यांचें जतन

जुने कागद, नाणीं अथवा ताम्रपट जमविणाऱ्यास आपल्याकडे संशोधक म्हणतात. जुनीं मनगटी घड्याळें जमविणारा मात्र केवळ शौकी ठरतो. हा भेद सर्वत्र लागू पडत नाहीं, एवढें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. येथें विचार करावयाचा तो फौजेकरितां व पाणबुड्यांकरितां घडविलेल्या घड्याळांचा. शोभेच्या घड्याळावर विक्रेत्याच्या नांवापलीकडे बहुधा कांहीं सांपडत नाहीं. फौजी घड्याळ सरकारी मालमत्ता असल्यामुळें त्याच्या पाठीवर शिक्का, क्रमांक आणि पुष्कळदां सन कोरलेला असतो, व तो लेख एखाद्या सनदेवरील शिक्क्यामोर्तबाप्रमाणेंच वाचावा लागतो.

वर्धा जिल्ह्यांत ऐतिहासिक घड्याळ म्हटलें कीं सेवाग्रामच्या बापूंच्या कमरेचें घड्याळ लोकांस आठवतें. त्यांचें झेनिथ कंपनीचें खिशांतील घड्याळ मार्च २००९ मध्यें न्यूयॉर्क येथें लिलावांत निघालें, आणि चष्मा, चपला, ताट व वाटी यांसह त्यास १८ लक्ष डॉलर पडले. हें मोल धातूचें नव्हे, त्याबरोबर आलेल्या पूर्वपीठिकेचें. सामान्य शिपायाच्या घड्याळाची पूर्वपीठिका कोण लिहून ठेवतो? आमच्या जिल्ह्यांत पुलगांवास सैन्याचें मोठें दारूगोळा भांडार आहे, फौजेंत राहून आलेलीं माणसेंही आहेत. पण पेटींतलें घड्याळ आजोबांनीं कोणत्या पलटणींत असतां बांधलें, हें नातवास सांगतां येत नाहीं. मग पाठीवरच्या चार अक्षरांखेरीज साक्षीदार उरत नाहीं.

तीं अक्षरें कशीं वाचावीं हें थोडक्यांत सांगतों. ब्रिटिश सरकारी मालाची सर्वमान्य खूण म्हणजे रुंद बाणाग्र. त्याखालीं ‘आय’ हें अक्षर असल्यास तो माल हिंदुस्थान सरकारचा. खिशांतील घड्याळावर ‘जी.एस.टी.पी.’ असल्यास तें सर्वसाधारण फौजी सेवेचें. मनगटी घड्याळावर ‘ए.टी.पी.’ असल्यास तें दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी घड्याळ. ‘डब्ल्यू.डब्ल्यू.डब्ल्यू.’ ही खूण असलेलीं घड्याळें बारा स्विस कारखान्यांनीं एकाच सरकारी नमुन्याबरहुकूम घडविलीं व १९४५ च्या सुमारास पोंचतीं केलीं: काळी तबकडी, अंधारांत चमकणारे कांटे, पंधरा माणकें, पाणी न शिरणारें कवच. या बारांपैकीं ग्राना कारखान्याचें घड्याळ सर्वांत दुर्मिळ समजतात, आणि बारांचा संच पुरा करण्यापायीं भले भले संग्राहक वेडे होतात. पुढील काळांत ‘डब्ल्यू १०’ हा पायदळाचा, ‘०५५२’ हा आरमाराचा व ‘६ बीबी’ हा विमानदळाचा संकेत झाला. त्यापुढें येणाऱ्या ६६४५ चा अर्थ कालमापक यंत्र आणि ९९ चा अर्थ ब्रिटन. शेवटीं तिरप्या रेघेनंतर सनाचे दोनच आंकडे असतात. शतक वाचकानें ओळखावयाचें. ज्यांनीं शुहूर सन उलगडण्यांत आयुष्य घालविलें त्यांस हें कोडें अवघड नाहीं.

आपल्या दृष्टीनें याहून महत्त्वाचें घड्याळ निराळें आहे. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ सालीं हिंदुस्थानच्या बाजारासाठींच उभी राहिली. घड्याळें स्वित्झर्लंडांत सँ-इमिये येथें होत व विक्री मुंबईहून होई. हिंदी शिपायांच्या मनगटावर हीं घड्याळें पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत पोंचलीं, असें या कंपनीच्या इतिहासांत सांगतात. त्याच मोहिमेंत १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूत-अल-अमारा येथें वेढ्यांत सांपडल्या होत्या; २९ एप्रिल १९१६ रोजीं तें ठाणें पडलें. कंपनीच्या सर्वांत प्रसिद्ध घड्याळाचें नांव ‘सोवार प्रायमा’. हा सोवार म्हणजे आपला स्वार. जाता जातां सांगावयाचें तें हें कीं, स्वार या शब्दांतील ‘स्व’ आत्मवाचक नव्हे. फारसी ‘सवार’ हा प्राचीन पारसीक ‘असबार’ पासून आला. त्यांतील पूर्वपद आपला अश्व व उत्तरपद भृ धातूचें भावंड. स्विस कारखान्यांतील तबकडीवर वेदकालीन घोडा असा येऊन बसला आहे!

पाणबुड्यांच्या घड्याळांशीं समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडालगतच्या माणसाचा संबंध कमी, तरी त्यांची रचना समजण्याजोगी आहे. दर दहा मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाचा दाब वाढतो व त्या दाबाखालीं श्वासांतील नायट्रोजन रक्तांत विरघळतो. म्हणून वर येण्याचा काळ मोजावा लागतो. हॉल्डेन यानें त्याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. घड्याळाभोंवतालचें फिरतें कडें याच मोजणीसाठीं असतें. आधुनिक घड्याळांत तें डावीकडेच फिरतें, म्हणजे धक्का लागून सरकलें तरी गेलेला काळ अधिकच दिसावा, कमी दिसूं नये. फ्रेंच आरमारी पाणबुड्यांसाठीं ब्लांपें कारखान्यानें १९५३ मध्यें काढलेल्या घड्याळाचें नांव ‘पन्नास फॅदम’. कोंकणच्या कोळ्यांच्या भाषेंत पन्नास वांव. १८६५ पासून मुंबईंत व्यापार असलेल्या फेवर-ल्यूबा कंपनीनें १९६८ मध्यें खोली दाखविणारें ‘बॅथी’ काढलें.

आतां मुख्य दुखण्याकडे वळूं. बाजारांत येणाऱ्या जुन्या घड्याळांपैकीं पुष्कळांच्या तबकड्या नव्यानें रंगविलेल्या असतात. मुंबईच्या या कामाची अपकीर्ति परदेशांतील संग्राहकांतही पसरली आहे. एकाचें यंत्र, दुसऱ्याचें कवच, तिसऱ्याचे कांटे, आणि वर ताजा रंग. ग्रंथसंपादनांत यास आपण संकीर्ण प्रत म्हणूं. येथें ती अस्सल म्हणून विकली जाते. परीक्षेची रीत मात्र आपल्या परिचयाचीच आहे. भांडारकर संस्थेंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठीं ज्याप्रमाणें स्वतंत्र प्रतींचा मेळ पाहिला, त्याप्रमाणें यंत्रावरचा क्रमांक, कवचावरचा सन व तबकडीची धाटणी हे तीन साक्षीदार वेगळे विचारावे. चौथा साक्षीदार प्रकाशाचा. वर्तुळांतील ‘टी’ ही ट्रिटियमची खूण. त्याचें अर्धायुष्य सुमारें १२.३ वर्षें, म्हणजे पन्नास वर्षांत तेज सोळाव्या हिश्श्यावर येतें. अशी १९६८ ची तबकडी रात्रभर लख्ख चमकत असेल तर तिचा रंग मागाहूनचा समजावा.

रेडियमची गोष्ट उलट व धोक्याची. रेडियम सुमारें १६०० वर्षांनीं निम्मा होतो, पण त्याबरोबरचें जस्ताचें लवण कांहीं दशकांत जळून जातें. चमक संपते, किरण राहतात. अमेरिकेंत न्यू जर्सीच्या कारखान्यांत कुंचला ओठांनीं टोकदार करणाऱ्या मुली याच रंगानें मेल्या. १९२८ मध्यें त्यांच्या दाव्याची तडजोड झाली. सबब जुनी काळी तबकडी घरीं खरवडूं नये, फुंकरही घालूं नये. माझ्या मतें ती स्वच्छसुद्धां करूं नये. कसर लागलेल्या पोथीवर कोणी नवी शाई फिरवीत नाहीं.

यंत्राची निगा मात्र राखलीच पाहिजे. वर्ध्यास वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो; वंगण पातळ होऊन पसरतें, मग आटतें, आणि कोरड्या आंसावर चाक झिजतें. पावसाळ्यांत जुन्या रबरी कड्यांतून दमट हवा आंत शिरते. म्हणून चार-पांच वर्षांनीं जाणत्या कारागिराकडून यंत्र उघडून धुवून घ्यावें. ‘पाणी शिरत नाहीं’ या कोरलेल्या शब्दांवर विसंबून जुनें घड्याळ पाण्यांत कधींही नेऊं नये. पाठ घासून चकचकीत करण्यास कारागीर फार उत्सुक असतात. त्यांस आधींच बजावावें, नाहींतर शिक्का जातो.

झाकण उघडेल तेव्हां आंतली बाजू भिंगानें पाहावी. दुरुस्ती करणारे तेथें सुईनें तारीख व खूण ओरखडून ठेवतात. माझ्याजवळील एका सोवार प्रायमावर अशा तीन खुणा आहेत. पहिल्या दोन रोमन अक्षरांत असून लागत नाहींत. तिसरी देवनागरी आंकड्यांत, ४-५-५९ अशी स्वच्छ आहे. त्यावरून इतकें निश्चित कीं १९५९ मध्यें हें घड्याळ देवनागरी लिहिणाऱ्या कारागिराच्या पाटावर होतें. तिन्ही खुणांचे ठसे कागदावर काढून ठेवले आहेत. ज्या वाचकांच्या घरीं बाणाग्र व ‘आय’ असलेलें अथवा वेस्ट एंडचें घड्याळ असेल, त्यांनीं आंतबाहेरील अक्षरांची जशीच्या तशी नक्कल, न लागणाऱ्या रेघांसह, उतरून घ्यावी.