दुचाकीला पंख

गेल्या सत्रांत एके दिवशीं तास संपल्यावर एक विद्यार्थी माझ्याकडे कागद घेऊन आला. त्यावर त्यानें मोटारसायकलचें चित्र काढलें होतें. तिच्या दोन्ही अंगांस घडीचे पंख, मागें शेपूट व पुढें प्रॉपेलर. ‘सर, रस्त्यावर मोटारसायकल आणि मैदानांत विमान, असें यंत्र होऊं शकेल काय?’ हा त्याचा प्रश्न. शेजारीं बसलेले एक सहाध्यापक हंसून म्हणाले, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या!’ मुलाचा चेहरा उतरला. मी इतिहासाचा अध्यापक. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु त्या हंसण्यांत आपण सामील व्हावें कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं इतिहासाची साक्ष काढणें मला अवश्य वाटलें. तीच येथें वाचकांपुढें ठेवतों.

पहिली साक्ष अशी कीं, विमान हें दुचाकीच्याच घरांत वाढलें. १९०३ सालीं विमान उडविणारे राइट बंधु हे डेटन गांवीं सायकली विकणारे व दुरुस्त करणारे कारागीर. सायकलस्वार ज्याप्रमाणें आपल्या अस्थिर वाहनाचा तोल क्षणोक्षणीं सांवरतो, त्याप्रमाणें वैमानिकानेंही तो सांवरला पाहिजे, हें मर्म त्यांस याच धंद्यानें शिकविलें. त्यांचा प्रतिस्पर्धी ग्लेन कर्टिस तर मोटारसायकली बांधणाराच होता. त्याचें इंजिन हलकें व जोरदार म्हणून १९०४ सालीं बाल्डविन नांवाच्या विमानविद्येच्या भोक्त्यानें तें आपल्या वायुनौकेस बसविलें. १९०७ च्या जानेवारींत कर्टिसनें आठ सिलिंडरांचें एक इंजिन मोटारसायकलवर चढवून फ्लॉरिडाच्या वाळूवर ताशीं १३६ मैलांचा वेग गांठला. पुढल्याच वर्षीं ४ जुलै रोजीं त्याचें ‘जून बग’ विमान लोकांसमक्ष एक किलोमीटरहून अधिक उडालें.

रस्ता आणि आकाश यांची गांठ घालण्याचा मोह अशा मनुष्यास न झाला तरच नवल. १९१७ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत त्यानें ‘ऑटोप्लेन’ मांडलें. बंदिस्त मोटारीची बैठक, तिच्यावर एकावर एक असे तीन पंख! परंतु हें यंत्र जमिनीवरून कांहीं उड्या मारण्यापलीकडे गेलें नाहीं. त्याच वर्षीं अमेरिका महायुद्धांत उतरली आणि हा उद्योग तेथेंच थांबला.

दुसरी साक्ष रॉबर्ट फुल्टन याची. ती मला अधिक मोलाची वाटते. स्थापत्यशास्त्र शिकलेला हा अमेरिकन तरुण १९३२ सालीं डग्लस मोटारसायकलीवर बसून लंडनहून निघाला आणि तुर्कस्तान, सीरिया, इराक, हिंदुस्थान, चीन, जपान असा सुमारें सतरा महिन्यांचा प्रवास करून घरीं पोंचला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कामानिमित्त त्यास विमानानें गांवोगांव फिरावें लागे. विमान तर वेगानें नेई. परंतु विमानतळ गांवापासून दूर, आणि तेथें उतरल्यावर पुढें जाण्यास वाहन नाहीं! दोन चाकांवर पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या माणसास शेवटचे पांच-दहा मैल असें अडून पडणें किती बोंचलें असेल!

त्यानें ‘एअरफिबियन’ नांवाचें यंत्र निर्माण केलें व १९४६ सालीं तें उडालें. विमानतळावर उतरल्यावर पंख व शेपूट यांचा भाग सोडवून तेथेंच ठेवावयाचा, प्रॉपेलर काढून टांगावयाचा, आणि उरलेली चारचाकी मोटार हांकीत गांवांत जावयाचें. हें रूपांतर पांचएक मिनिटांत होई. जोड नीट बसल्यावांचून इंजिन सुरूच होऊं नये अशीही योजना त्यांत होती. १९५० च्या डिसेंबरांत अमेरिकन सरकारनें त्यास उड्डाणयोग्यतेचें प्रमाणपत्र दिलें. असा मान मिळविणारें अशा जातीचें तें पहिलें यंत्र. परंतु पैशाचें पाठबळ टिकलें नाहीं, आणि आज तें स्मिथसोनियन संग्रहालयाची ठेव होऊन राहिलें आहे. मोल्टन टेलर याच्या ‘एअरोकार’नें पंख घडी करून मागें ओढीत नेण्याची सोय केली. १९४९ सालीं तें उडालें, १९५६ सालीं त्यास प्रमाणपत्रही मिळालें. परंतु गिऱ्हाइकें पुरेशीं मिळालीं नाहींत.

असें कां व्हावें? विमानास प्रत्येक शेर वजन शत्रूसारखें. रस्त्यावरील वाहनास खांचखळगे सोसणारीं जड चाकें, स्प्रिंगा व ब्रेक हवेत. स्वारासह तीनशें किलो वजनाची दुचाकी ताशीं सत्तर किलोमीटर वेगानें उचलावयाची तर सुमारें नऊ चौरस मीटर पंख लागतात, म्हणजे जवळजवळ एका लहान खोलीच्या जमिनीएवढे. ते रस्त्यावर ठेवावयाचे कोठें? बाजूचा वारा त्यांत शिरला तर दोन चाकांचा तोल राहावा कसा? फुल्टननें पंख मागें सोडले, टेलरनें ते ओढीत नेले. प्रश्न मात्र दोघांपुढें एकच होता. पुढें हॉलंडमधील ‘पाल-व्ही’नें तिसरी वाट धरली. तीन चाकांचें, वळणावर मोटारसायकलप्रमाणें कलणारें व माथ्यावरील घडीच्या पात्यांनीं तरंगणारें हें यंत्र २०१२ सालीं उडालें. स्वप्न मेलेलें नाहीं, हें यावरून दिसतें.

तेव्हां माझ्या सहाध्यापकांची म्हण अर्धीच खरी. दोन कामें करणारें यंत्र दोन्ही कामांत थोडें उणें पडतें, हें निर्विवाद. परंतु ज्या माणसास त्या दोहोंच्या मधली अडचण खरोखरच सोसावी लागली आहे, त्याच्या धडपडीस चिंध्या म्हणण्याचा अधिकार घरीं बसलेल्यास नाहीं. फुल्टनचें यंत्र बाजारांत हरलें. तें उडालें, चाललें आणि सरकारी परीक्षेस उतरलें, हें कोणीं नाकारूं शकत नाहीं.

मीं त्या विद्यार्थ्यास एवढेंच सांगितलें, ‘हें यंत्र कोणाची कोणती अडचण दूर करणार, तें आधीं ठरव, मग पंख कोठें ठेवावयाचे आणि वजन किती होईल, तें मांडून आण.’ दुसऱ्या आठवड्यांत तो पुन्हां आला. कागद नवा होता, पंख तसेच होते. मात्र एका कोपऱ्यांत बारीक अक्षरांत वजनाचा हिशेब मांडलेला होता, आणि त्यांत दोन ठिकाणीं खोडाखोड होती. ती खोडाखोड पाहून मला फार समाधान वाटलें.