स्विंग शिकवणारे आणि स्विंग मोजणारे

२० जानेवारी १६८७. एडिंबरामधला थॉमस किंकेड नावाचा वैद्यकीचा एक विद्यार्थी रोजनिशी लिहायला बसलाय. अभ्यासाबद्दल नाही, गोल्फबद्दल. फटका मारताना तलवारबाजीत उभं राहतात तसं उभं राहायचं, गुडघे जरा वाकवायचे, आणि पाय, पाठ, हात यांचे स्नायू घट्ट ताणून धरायचे. क्लब खाली येताना ते अजिबात सैल सोडायचे नाहीत. गोल्फ कसं खेळावं याची आपल्यापर्यंत पोचलेली ही सगळ्यात जुनी नोंद मानतात.

तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल तर इथे जरा थांबा. ही नोंद नेमका कशाचा पुरावा आहे? किंकेडचे स्नायू खरंच ताठ होते याचा? नाही. त्याला ते ताठ वाटले, याचा. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता, आरसाही नसेल. आज कुठलाही प्रशिक्षक नवख्याला पहिलं सांगेल ते नेमकं उलट: हात सैल सोडा. म्हणजे किंकेड चुकला असंही नाही. जे जाणवलं ते त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. पण जाणवणं आणि घडणं यांत अंतर असतं, आणि गोल्फच्या शिकवणीचा पुढचा सगळा इतिहास या अंतराभोवतीच फिरतो.

थेट १८९०च्या दशकात येऊ. त्याच एडिंबरामध्ये पीटर गथ्री टेट हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. गोल्फवेडे. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकला. टेट यांना प्रश्न पडला होता की चांगला फटका हवेत इतका वेळ टिकतो कसा? नुसत्या वेगाचं गणित जुळत नव्हतं. त्यांना शंका आली की चेंडू उलटा फिरत असणार, आणि त्या फिरकीमुळे हवा त्याला वर उचलत असणार. पण इतकी जलद फिरकी मोजायची कशी?

त्यांचा प्रयोग मला फार आवडतो. एक लांब सपाट फीत घेतली. तिचं एक टोक चेंडूला, दुसरं जमिनीला. मग चांगल्या खेळाडूकडून तो चेंडू जवळच्याच चिकणमातीच्या भिंतीत मारून घेतला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजले. बस. ना अनुदान, ना यंत्र.

पण त्यामागची बोच बघा. फिरकी कुठलीही असो, ती वाईटच, असं टेट यांना खेळ शिकताना सांगितलं गेलं होतं. ती टाळायचा त्यांनी मन लावून सराव केला. खरं काय ते कळलं तेव्हा तरुणपणीची वर्षं निघून गेली होती. चुकीच्या कारणमीमांसेवर केलेला मेहनती सराव असा महाग पडतो.

आता दिशेचा प्रश्न. नवख्याची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते: मी सरळ मारतो, चेंडू उजवीकडे का वळतो? वर्षानुवर्षं पुस्तकांत उत्तर असं होतं की क्लब ज्या मार्गानं फिरतो त्या दिशेनं चेंडू निघतो, आणि नंतर फेसकडे, म्हणजे क्लबचा आदळणारा सपाट भाग जिकडे वळलेला असेल तिकडे, वळतो. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं ना? १९६८ साली अलेस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांचं ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ आलं. ब्रिटनच्या गोल्फ सोसायटीनं पोसलेल्या काही वर्षांच्या संशोधनाचं ते फळ. क्लब आणि चेंडूची भेट जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची असते, आणि चेंडू कुठे निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो, असं त्यातून दिसत होतं. तरी जुना नियम शिकवणं चालूच राहिलं! २००३ साली डेन्मार्कमध्ये ट्रॅकमॅन सुरू झाली, तिचं रडार सरावाच्या मैदानांवर पोचलं, तेव्हा कुठे वाद मिटायला लागला. ढोबळ आकडा असा: ड्रायव्हरनं मारलेल्या चेंडूच्या सुरुवातीच्या दिशेत सुमारे ८० ते ८५ टक्के वाटा फेसचा.

फरक किती पडतो? समजा समोर झाड आहे, त्याच्या बरोब्बर मागे होल. जुना नियम म्हणतो, फेस होलकडे ठेवा, क्लब डावीकडून फिरवा. चेंडू डावीकडून निघेल आणि वळून येईल. करून बघा. चेंडू झाडावरच आदळेल. गंमत म्हणजे असा नियम सांगणारे मोठे खेळाडू स्वतः मात्र झाडाला वळसा घालत होते. हात एक करत होते, तोंड दुसरंच सांगत होतं. तज्ज्ञाची मुलाखत घेऊन पद्धत शोधणाऱ्या प्रत्येक संशोधकानं हे लक्षात ठेवायला हवं, असं माझं मत.

शिकवणाऱ्याच्या शब्दांवरही प्रयोग झालेत. १९९९ साली गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवख्यांना जवळचा, उंच उडणारा फटका शिकवला. एका गटाला सांगितलं, हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. दुसऱ्याला, क्लबच्या हालचालीकडे. क्लबवाल्यांचे फटके जास्त अचूक पडले, आणि नंतर सूचना काढून घेतल्यावरही फरक टिकला. प्रयोग छोटा होता, पण ‘कोपर असं, मनगट तसं’ ऐकून गोठून गेलेल्या कुणालाही तो पटेल.

मला पटला. मी काही महिन्यांपूर्वी सरावाला जायला लागलो. माझा प्रत्येक ड्राइव्ह उजवीकडे, आणि शिकवणाऱ्यांचा प्रत्येक वेळी एकच सल्ला: डोकं खाली ठेव. शेवटी मी विचारलं, “सर, हे तुम्हाला कशावरून दिसलं?” उत्तर आलं नाही. मग घरून टाल्कम पावडर नेली, फेसवर पातळ थर दिला आणि दहा चेंडू मारले. जवळपास सगळे ठसे दांड्याच्या बाजूला. तिथे लागलेला ड्रायव्हरचा फटका उजव्या हाताच्या खेळाडूला उजवीकडेच वळतो. डोक्याचा काही संबंधच नव्हता. मी चेंडूच्या फार जवळ उभा होतो.

आता दोन बोटं मागे सरकून मारतोय, एका वेळी एवढा एकच बदल. ठसे अजून पूर्ण मध्यावर आलेले नाहीत.