परसातील पाखरांचे दप्तर

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या बारामती व इंदापूर या तालुक्यांचा पूर्वेतिहास ज्यांनी सरकारी कागदपत्रांतून वाचला आहे, त्यांना हा प्रदेश मोजणीचा मुलूख म्हणून विशेष परिचित असतो. पेशवाई बुडाल्यानंतर पुण्याचे असिस्टंट कलेक्टर प्रिंगल यांनी जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचे सूक्ष्म गणित मांडून जी धारेबंदी बसविली, ती धान्याचे भाव कोसळताच रयतेला असह्य झाली आणि गावेच्या गावे ओस पडू लागली. मग गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ साली नव्या पाहणीस जो आरंभ केला, तो इंदापूर तालुक्यापासूनच. पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात रूढ झालेली, तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी याच जिराईत मातीत जन्माला आली. शेताचा नंबर, जमिनीची प्रत, आकार, सारे दप्तरी रुजू झाले. बांधावरच्या बाभळीवर बसणाऱ्या पाखरांना मात्र जमाबंदीच्या कोणत्याही रकान्यात जागा नव्हती. तरीही त्यांची नोंद झाली, आणि ती थोडी आधी, त्याच सरकारच्या एका नोकराच्या हातून झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

त्या नोकराचे नाव विल्यम हेन्री साइक्स. कंपनीच्या मुंबई फौजेत कोवळ्या वयात दाखल झालेला आणि १८१७ च्या खडकीच्या लढाईत देशी शिपायांच्या पलटणीचे नेतृत्व केलेला हा लष्करी गृहस्थ १८२४ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेबांच्या नेमणुकीने मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तांतलेखक झाला. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टोरेटांचा मुलूख त्यांच्याकडे होता. माणसे, गुरे, पिके, वजने-मापे, पाऊस, हवेचा दाब असे सारे मोजण्याचे हे काम इतक्या निष्ठेने चालले की, १८२९ च्या अखेरीस ते पदच मोडीत निघाल्यावर साइक्स यांनी रजा घेतली आणि स्वतःच्या हौसेने ते पुरे केले. या सरकारी फिरतीच्या आडोशाला त्यांनी पक्षी जमविले, त्यांच्या डोळ्यांचा रंग लिहिला, जठरात काय सापडले ते टिपले, आणि १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. तिच्यातील ५६ पक्षी शास्त्राला सर्वस्वी नवे होते.

मला या यादीचे महत्त्व वाटते ते एका निराळ्याच कारणासाठी. तिच्यातील नव्या ठरलेल्या पक्ष्यांपैकी कित्येक कोणा दुर्गम अरण्याचे रहिवासी नाहीत. ते आपल्या परसातले आहेत. विहिरीच्या काठी तासन्‌तास मान आखडून बसणारी, उडताच पांढरेशुभ्र पंख दाखवून पाहणाऱ्याला चकित करणारी ढोकरी त्या यादीतली. वाड्याच्या भिंतीला मातीची वाटी चिकटवून राहणारी धुरकट रंगाची पाकोळी त्या यादीतली. बोरीबाभळीच्या कुंपणातून कलकलाट करीत जाणारी, शेपटीच्या कडा पांढऱ्या असलेली सातभाईंची मोठी करडी जातही तिथलीच. तिला साइक्स यांनी मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर जॉन माल्कम यांचे नाव दिले. आणि ज्याच्यावाचून बारामतीतील एकही हिरवे परसू पुरे होत नाही तो राखी वटवट्या, त्याचा साधा भाऊ वटवट्या, हे दोघेही शास्त्रात प्रथम रुजू झाले ते याच दप्तरातून.

या राखी वटवट्याकडे क्षणभर जवळून पाहावे. अंगठ्याएवढा जीव, पाठ राखट, पोट फिकट तांबूस, शेपटी सदा उभारलेली. पावसाळ्याच्या तोंडाशी तो कर्दळीच्या किंवा वांग्याच्या झाडाची रुंद पाने निवडतो, कोळिष्टकाच्या धाग्यांनी ती टाके घालून शिवतो आणि आत कापूस-गवताची पिशवी बसवितो. हे घरटे शिंपी पक्ष्याच्या घरट्याइतकेच कसबी असल्याचे साइक्स यांनीच लिहून ठेवले आहे. आतली अंडी मात्र शिंप्याच्या अंड्यांसारखी फिकट व ठिपकेदार नसतात. ती गडद विटकरी, आणि अशी तकतकीत असतात की जणू नुकतीच लाखेत बुडवून काढली आहेत. झुडपातून झुडपात जाताना त्याच्या अंगातून बारीक चट्‌चट्‌ असा आवाज उमटतो. तो एकदा ओळखीचा झाला की पक्षी दिसला नाही तरी त्याची नोंद करता येते.

साइक्स येण्यापूर्वी या मुलखात पक्षी कोणी पाहत नव्हते, असे मानणे हा मोठाच अन्याय होईल. शाळू निसवला की शेतात उभारलेल्या माळ्यावर गोफण घेऊन बसणारी पोरे हीच इथली पहिली पक्षिनिरीक्षक होत. हिवाळ्यात उतरणाऱ्या भोरड्यांचा थवा कोणत्या दिशेने येतो, कणसाच्या कोणत्या अवस्थेत तो पडतो, चिमण्या आणि मुनिया दाणा दुधात असताना कशा टिपतात, हे त्यांना नुकसानीच्या हिशेबाने ठाऊक असे, आणि नुकसानीच्या हिशेबाने आलेले ज्ञान सहसा चुकत नाही. फासेपारध्यांचे ज्ञान तर त्याहून सूक्ष्म. तितराची वाट, लाव्यांची बसण्याची जागा, हाक कोणत्या घटकेला द्यावी आणि कोणत्या घटकेला गप्प राहावे, हे त्यांच्याकडे बापाकडून मुलाकडे येई. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणाला की कुणबी आभाळाकडे पाही. आणि बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिलेल्या मोरोपंतांनी आपल्या आर्त स्तोत्राला ‘केकावली’ हे नाव मोराच्या हाकेवरून दिले. पाखरू शेतात होते, गाण्यात होते, देवाच्या धाव्यात होते. त्याला तारीख, ठिकाण आणि संख्या तेवढी नव्हती; आणि ती नसल्यामुळे दोनशे वर्षांपूर्वी बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या माळावर किती माळढोक होते हे सांगणारा एकही मराठी कागद आपण पुढे करू शकत नाही.

जो कागद आहे तो दुःखद आहे. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एकट्या एका युरोपीय शिकाऱ्याने ९६१ माळढोक मारले, हा हिशेब शिकारवहीतून आपल्यापर्यंत आला. तो वाचताना मन विषण्ण होते. पण त्याच आकड्यावरून दख्खनचे माळ एके काळी या राजस पक्ष्याने किती भरलेले होते याचीही साक्ष पटते. पुढे १८७८ साली पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात डेव्हिडसन व वेंडन यांनी दख्खनच्या पक्ष्यांची दुसरी यादी प्रसिद्ध केली, आणि १८८३ साली मुंबईत निसर्ग इतिहास मंडळी स्थापन झाली. हे सारे इंग्रजीत, इंग्रजांसाठी चालले होते. त्याच सुमारास, १८७५ च्या मे महिन्यात, सुप्याच्या बाजारात कर्जबाजारी रयत सावकारांच्या दुकानांवर चालून गेली आणि तिने कर्जखतांची होळी केली. लिहिलेल्या कागदाने ज्यांचा घात केला होता, त्या कुणब्यांच्या घरात हौसेने लिहिण्याची सवय रुजायला उशीर लागला, यात नवल नाही.

या तालुक्यांच्या पक्षिजीवनाचा खरा कलाटणीचा क्षण मात्र कोणत्याही यादीशी निगडित नाही. तो पाण्याशी निगडित आहे. वर्षाला वीस इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात हिरवे परसू म्हणजे न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली चार केळी, अळू, कर्दळ आणि फार तर मोटेच्या पाण्यावरचा मळा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने सरकारचे डोळे उघडले, भाटघरचे धरण हाती घेण्यात आले, आणि १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला. १९२८ साली तिथे लॉइड धरण उभे राहिल्यावर त्या पाण्याला बारमाही भरवसा आला. शाळूच्या जागी ऊस आला. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंदनगर वसले, बारामतीकडे माळेगावचा सहकारी कारखाना निघाला, घरांभोवती पेरू, चिक्कू, शेवगा, जास्वंद, पारिजातक यांची दाटी झाली. बुलबुल, दयाळ, शिंजीर, तांबट, शिंपी, कोकीळ या झाडोऱ्याच्या आणि ओलाव्याच्या पक्ष्यांना परसापर्यंत राजमार्ग मिळाला; उलट चंडोल, धाविक, पखुर्डी, माळढोक या उघड्या माळाच्या पक्ष्यांच्या पायाखालची जमीन पाटाच्या प्रत्येक वळणाबरोबर आकसत गेली. परसातील पक्ष्यांची वही म्हणूनच मला या प्रदेशाच्या पाण्याच्या इतिहासाचे अस्सल दप्तर वाटते. पाटबंधारे खात्याच्या नोंदीत किती पाणी सोडले ते कळते. त्या पाण्याने कोणाला बोलावले आणि कोणाला हाकलले, ते या वहीतच कळू शकते.

घराच्या आवारातून केलेल्या निरीक्षणाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली ती सालिम अली यांनी. मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागा पैशाच्या टंचाईमुळे रद्द झाली आणि ते किहीमच्या समुद्रकाठच्या घरी राहावयास गेले, तेव्हा १९३० च्या पावसाळ्यात शेजारच्या सुगरणींच्या वसाहतीसमोर शिडीवर कापडाचा आडोसा करून ते दिवसेंदिवस बसले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर राहते, आणि नर लगोलग दुसरे घरटे व दुसरी मादी यांच्या उद्योगाला लागतो, हा सुगरणीचा संसार त्यांनी जगापुढे मांडला. इंदापूरच्या कोणत्याही जुन्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला हीच घरटी लोंबत असतात. मराठीत हे ज्ञान घरोघर पोचविण्याचे श्रेय मारुती चितमपल्ली यांना द्यावे लागते. वनाधिकारी असूनही पारध्यांच्या आणि आदिवासींच्या तोंडची नावे त्यांनी आदराने गोळा केली आणि ‘पक्षीकोशा’त बसविली. माळ्यावरच्या पोराचे आणि साइक्स यांचे ज्ञान एका दप्तरात प्रथमच शेजारी शेजारी आले ते इथे.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि यशवंतसागराचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर पसरला. पळसदेवसारखी जुनी गावे पाण्याखाली गेली. विस्थापितांच्या दुःखाचा तो इतिहास स्वतंत्रपणे लिहावा असा आहे. त्या उथळ पाण्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या परिसरात रोहित, पट्टकादंब, चक्रवाक यांचे हिवाळी मेळे भरू लागले. भादलवाडीच्या तलावातील झाडांवर चित्रबलाकांची वसाहत प्रसिद्ध झाली, आणि इंदापूर कसब्यात तर या पक्ष्यांनी तहसील कचेरीच्या आवारातील जुन्या चिंचा घरट्यांसाठी पसंत केल्या. ज्या तालुक्यापासून जमाबंदीचे पर्व सुरू झाले, त्याच्याच कचेरीवर गुलाबी पिसाऱ्याचे हे उंच पक्षी आपली पिल्ले वाढवितात. खाली सात-बाराच्या उताऱ्यासाठी ताटकळणारा शेतकरी मान वर करून त्यांच्याकडे पाहतो.

आता नोंदीची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेली परसातील पक्ष्यांची फेब्रुवारीमधील गणना २०१३ पासून भारतातही होते. निदान पंधरा मिनिटे एका जागी राहून दिसलेले पक्षी मोजावे, एवढीच तिची अट. अशा लाखो नोंदींवर उभारलेल्या २०२३ च्या देशव्यापी अहवालात ९४२ जातींचा विचार झाला, आणि त्यात मोर वाढल्याचे व उघड्या गवताळ माळांचे पक्षी घटल्याचे स्पष्ट झाले. बारामती-इंदापूरच्या शतकभराच्या कहाणीशी हा निष्कर्ष अगदी जुळतो. मात्र वर्षातून चार दिवसांची गणना ही बारमाही वहीची जागा घेऊ शकत नाही. पावशाची पहिली हाक कोणत्या तारखेला आली, धोबी अंगणात कधी उतरला, भोरड्यांचा शेवटचा थवा कधी गेला, वटवट्याने कोणत्या झाडाची पाने शिवली, आणि कोणता पक्षी या वर्षी आलाच नाही, हे त्या त्या घरानेच लिहावयाचे असते. न आलेल्याची नोंद विशेष जपावी, कारण ती केवळ आधीच्या वर्षांच्या वह्या जवळ असतील तरच करता येते.

अशा वह्या बागाईत पट्ट्यात आपोआप वाढतील. तिथे पाखरेही पुष्कळ आणि फुरसतही आहे. मला अधिक निकड वाटते ती कोरड्या बाजूची. सुप्यानजीक १९९७ साली चिंकारांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे, आणि कडबनवाडीची कुरणे त्याच माळाचे उरलेले तुकडे आहेत. साइक्स यांनी १८३२ साली नोंदविलेला आणि आज त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा छोटा तुरेवाला चंडोल अजून तिथल्या दगडगोट्यांत घरटे करतो. त्या माळांच्या कडेला वाड्यावस्त्या आहेत, त्यांना अंगणे आहेत, अंगणांतून शाळेत जाणारी मुले आहेत. शेततळे कोणत्या वर्षी झाले, कुंपण कधी पडले, डाळिंबाची बाग कुठपर्यंत आली आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात चंडोलाचे गाणे अंगणातून ऐकू आले की नाही, हे त्यांनी यंदापासून लिहावयास घेतले पाहिजे.