मेरापी परिसरातील वस्ती व पुनर्वसन

इंडोनेशियातील जावा बेटावर, योग्यकर्ता शहराच्या उत्तरेस सु. २८ किमी.वर मेरापी हा जागृत ज्वालामुखी (उंची सु. २,९१० मी.) आहे. त्याच्या उतारांवरील गावे आणि ती न सोडण्यामागील कारणे यांचा परामर्श येथे घेतला आहे.

उद्रेक : माथ्यावर साचलेला चिकट लाव्ह्याचा घुमट ढासळला, की तप्त राख, खडक व वायू यांचे लोट नदीपात्रांतून वेगाने खाली येतात. १९३० च्या उद्रेकात तेराशेहून अधिक माणसे दगावली. २०१० मध्ये २६ ऑक्टोबर व ५ नोव्हेंबर रोजी मोठे उद्रेक झाले. दुसऱ्या वेळी लोट गेंडोल नदीच्या पात्रातून सु. १५ किमी.पर्यंत पोहोचला. साडेतीनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. वेळेवर इशारा देऊन लाखो लोकांना हलविल्यामुळे हजारो जीव वाचले.

उपजीविका : उतारावरील रहिवाशांच्या मुक्कामाचे स्पष्टीकरण बहुधा श्रद्धेत शोधले जाते, ते अपुरे आहे. राखेने सुपीक झालेली जमीन, दुभत्या गायी आणि वरच्या उतारावरून कापून आणायचे गवत यांवर तेथील संसार चालतो. नदीपात्रातील रेती हेही मोठे उत्पन्न. २०१० मध्ये छावणीत सुरक्षित पोहोचलेली माणसे दिवसा गोठ्याकडे परतत, कारण गायींना वैरण घालणारे कोणी नव्हते. माणसांसाठी आखलेल्या स्थलांतरात जनावरांची सोय नसणे, हा त्या योजनेतील गंभीर दोष होता. पुढे शासनाने जनावरांची भरपाई जाहीर केली.

श्रद्धा व राखणदार : योग्यकर्त्याच्या राजवाड्यातर्फे दरवर्षी लाबुहान विधीत पर्वताला वस्त्रादी अर्पण केले जाते. त्याचे नेतृत्व करणारे राखणदार म्बाह मारिजान यांची नेमणूक १९८२ साली झाली. २००६ च्या उद्रेकात त्यांनी गाव सोडण्यास नकार दिला व ते बचावले. २०१० च्या उद्रेकात त्याच गावी, किनाहरेजो येथे, त्यांचा अंत झाला. त्यांच्या निर्णयाचा इतरांवर किती प्रभाव पडला, याविषयी मतभेद आहेत.

स्थलांतर : १९६१ च्या उद्रेकानंतर काही कुटुंबांना सुमात्रात वसविण्यात आले, त्यांपैकी काही परतली. २०१० नंतर खालच्या भागात साधारणतः १०० चौ. मी. भूखंडावर ३६ चौ. मी.ची पक्की घरे देण्यात आली. उतारावरील ग्लागाहार्जो गावातील कालितेंगाह लोर, कालितेंगाह किदुल व स्रुनेन या वाड्यांनी मात्र जाण्यास नकार दिला. घर मिळाले, तरी गोठा आणि कुरण यांना जागा कुठली, हा प्रश्न त्यामागे होता. उजाड झालेल्या जुन्या जागी दिवसा शेती करायची आणि रात्री खाली उतरायचे, असा मार्ग अनेक कुटुंबांनी काढला; तो अत्यंत समंजस आहे.

स्थानिक सज्जता : केंतोंगान या लाकडी ठोकवाद्याच्या ठोक्यांनी इशारा देणे आणि रात्रीची गस्त या जुन्या पद्धती टिकून आहेत. सामुदायिक रेडिओ केंद्रांनी २००६ मध्ये जालिन मेरापी हे जाळे उभारले. मागेलांग जिल्ह्यात धोक्यातील प्रत्येक गावासाठी एक आश्रयदाते गाव ठरविण्यात आले असून, छावणीपेक्षा ही सोय माणसाला अधिक मान देणारी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये इशाऱ्याची पातळी वाढविली, तेव्हा वृद्ध व मुलांबरोबर ग्लागाहार्जोतील गायीही खाली हलविल्या गेल्या.

पर्यटन : उद्ध्वस्त गावांतून जीपसहली चालतात.