पाचवं नाव

इंटरनेटचे नियम आरएफसी या नावाने क्रमांकवार प्रसिद्ध होतात. त्यातल्या १९१८ क्रमांकाच्या दस्तऐवजावर पाच लेखकांची नावं आहेत: याकोव्ह रेख्टर, रॉबर्ट मॉस्कोविट्झ, डॅनियल कॅरेनबर्ग, गीर्ट यान द ग्रूट आणि एलियट लीअर. तारीख फेब्रुवारी १९९६ ची. हा दस्तऐवज म्हणजे मार्च १९९४ च्या आरएफसी १५९७ ची सुधारलेली आवृत्ती, आणि पहिली चार नावं त्या जुन्या आवृत्तीवरही आहेत. पाचवं तिथे नाही. ते सापडतं जुलै १९९४ च्या आरएफसी १६२७ वर, तेही सर्वांत वर. आणि १६२७ हा पहिल्या चौघांच्या कल्पनेवरचा उघड हल्ला आहे. ज्याने विरोधाचं निशाण उभारलं तोच दीड वर्षाने सहलेखक झाला! व्हीपीएन लावल्यावर घरातला प्रिंटर मुका का होतो, या प्रश्नाचा माग काढत गेलं की माणूस या पाचव्या नावाशी येऊन पोचतो, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न आपल्याकडे मोठ्या संख्येने आला तो मार्च २०२० मध्ये. पुण्यात हिंजवडी-खराडीला नोकरी करणारी बीड जिल्ह्यातली मुलंमुली लॅपटॉप घेऊन केज, माजलगाव, आष्टी, अंबाजोगाईला परतली. त्याच महिन्याच्या १३ तारखेला दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी घरून काम करण्याच्या अटी सैल केल्या होत्या. त्याआधी एक कोटी रुपयांची अनामत आणि परवानाधारक सेवादाराकडूनच घेतलेलं व्हीपीएन, अशी बंधनं होती. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यातली बरीचशी कायमची गेली. व्हीपीएनमधून कंपनीचं जाळं गावातल्या घरात आलं, आणि माळवदाच्या खोलीत ठेवलेला वायफायचा प्रिंटर दिवसभर ‘ऑफलाइन’ दिसू लागला. व्हीपीएन तोडलं की तोच प्रिंटर झटक्यात हजर.

व्हीपीएनला सगळे बोगदा म्हणतात, आणि बीडकराला बोगदा म्हटलं की खजाना विहीर आठवते. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाच्या काळात सलाबतखानाने हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे १५८३ च्या सुमारास, ती बांधून घेतली. आखणी राजा भास्कर याची. दोन भुयारांनी पाणी विहिरीत येतं, तिसऱ्याने शेतांकडे जातं. तिथे पाण्याला वाट एकच, खोदून ठेवलेली. व्हीपीएनमध्ये खोदकाम काहीच नसतं. लॅपटॉपच्या आत रस्त्यांचा एक तक्ता असतो आणि माहितीचं प्रत्येक पाकीट निघताना त्यात डोकावतं. अमुक पत्त्यांसाठी वायफाय, तमुक पत्त्यांसाठी व्हीपीएन, अशा त्यातल्या ओळी. दोन ओळी लागू पडल्या तर जी अधिक नेमकी तिची सरशी. व्हीपीएनकडे गेलेलं पाकीट सांकेतिक भाषेत गुंडाळून दुसऱ्या पाकिटात घातलं जातं, एवढाच तो बोगदा. म्हणजे प्रिंटरचा प्रश्न पत्त्यांचा आहे, आणि पत्त्यांचं कूळ शोधायला १९९४ ला जावं लागतं.

त्या सुमारास जगातले आयपी पत्ते संपत येण्याची चिन्हं दिसू लागली होती. रेख्टर आणि त्यांच्या साथीदारांनी सुचवलं की काही पत्ते कुणाच्याच मालकीचे ठेवू नयेत. ज्याने त्याने ते आपल्या भिंतीच्या आत वापरावेत, बाहेर दाखवू नयेत. त्यासाठी तीन पट्टे निवडले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे.

यातल्या १० चा इतिहास मला फार भावतो. १० हा खुद्द अर्पानेटचा, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाचा क्रमांक. अर्पानेट १९९० मध्ये बंद झालं आणि क्रमांक रिकामा पडला. आज मोठ्या कंपन्यांचं अंतर्गत जाळं बहुतेकदा १० नेच सुरू होतं. केजमधली मुलगी व्हीपीएन जोडते तेव्हा तिच्या लॅपटॉपला बहुधा त्या बंद पडलेल्या आद्य जाळ्याच्या क्रमांकातलाच एक पत्ता मिळतो.

१९२.१६८ बद्दल मात्र मतं फुटतात. १६८ हा आकडा द्विमान पद्धतीत १०१०१००० असा दिसतो. एक आड एक येणारे हे एक आणि शून्य पाहून काहींना यंत्रांच्या सोयीसाठी मुद्दाम केलेली निवड दिसते. दुसरं मत असं की, जुन्या संगणकांच्या पुस्तिकांत नमुना म्हणून छापलेले पत्ते लोक जसेच्या तसे उतरवून घेत, त्यातूनच ही सवय नियम झाली. पहिलं मत १७२.१६ पाशी कोसळतं. १६ मध्ये असली नक्षी नाही आणि १० मध्येही ती शोधून काढावी लागते. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते पत्ते चोरून वापरण्याच्या खोडीपुरतं; हा नेमका आकडा का, ते त्यातून कळत नाही. माझा कौल कॅरेनबर्ग यांच्या आठवणीला, कारण ती खुद्द सहलेखकाची आहे आणि अगदी साधी आहे: १९२ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांत वाटून न गेलेला सर्वांत खालचा पट्टा तोच होता. रांगेत पुढचा नंबर आला आणि दिला गेला. जगातल्या असंख्य घरांचा पत्ता असा कारकुनी क्रमाने ठरला.

आता लीअर यांचा हल्ला. आरएफसी १६२७ चं म्हणणं होतं की, पत्ता जगात एकमेव असणं हाच इंटरनेटचा पाया आहे. आज ज्या दोन संस्थांचा संबंध नाही त्या उद्या जोडल्या जातील, आणि दोघींकडे तेच पत्ते असतील तर गोंधळ होईल. लेखकांच्या डोळ्यांसमोर कंपन्या होत्या, तरी हे वर्णन अंबाजोगाईतल्या घराला तंतोतंत लागू पडतं. घरचा राउटर १९२.१६८.१.१, प्रिंटर १९२.१६८.१.५. पुण्याच्या कचेरीतही १९२.१६८.१.५ या पत्त्यावर काहीतरी बसलेलं. व्हीपीएनने ‘१९२.१६८.१ माझ्याकडे’ अशी ओळ तक्त्यात घातली आणि घरच्या तितक्याच नेमक्या ओळीवर तिची सरशी झाली, की घरातून सुटलेला कागद घाट उतरून पुण्याच्या दिशेने जातो आणि तिकडे दार ठोठावत राहतो. लीअर खरे ठरले. तरीही त्यांनी १९१८ वर नाव घातलं. पत्त्यांची टंचाई अटळ होती आणि आतून सुधारणा करणं शहाणपणाचं होतं, असा माझा तर्क. याला आधार १९१८ च्या मजकुरातच आहे: खासगी पट्ट्यातून पत्ते निवडताना वाटेल तिथून, चिठ्ठी उचलल्यासारखे निवडा, म्हणजे पुढे टक्कर होण्याचा धोका कमी होईल, अशी आग्रहाची शिफारस त्यात आहे. मला त्या वाक्यात लीअर यांचा आवाज ऐकू येतो. राउटर बनवणाऱ्यांनी ते वाक्य वाचलं असावं असं मात्र त्यांच्या खोक्यांच्या तळाशी छापलेल्या पत्त्यांवरून वाटत नाही.

व्हीपीएनचा स्वतःचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधून पीपीटीपी आलं, त्याच्या लेखकांत गुरदीप सिंग पाल हे भारतीय वंशाचे अभियंते. आयपीसेकही त्याच सुमाराचं. मग २००१ मध्ये जेम्स योनान यांचं ओपनव्हीपीएन, २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात वायरगार्ड. रेंगाळावं असं ठिकाण एकच. सगळी वाहतूक बोगद्यात घालणं हे मूळ आणि घरची यंत्रं वेगळी सोडणं ही मागाहून दिलेली सवलत, असं सुरक्षेची माणसं सांगतात. मला उलटं वाटतं. ओपनव्हीपीएन सगळं जग ताब्यात घेताना बहुतेकदा काय करतं पाहा: मूळ ओळ न पुसता ते जगाचे दोन अर्धे करतं, ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१, आणि मूळ ओळीपेक्षा नेमक्या असलेल्या या दोन ओळी तक्त्यात घालतं. पण घरच्या जाळ्याची ओळ याहूनही नेमकी असते, त्यामुळे प्रिंटर चालूच राहतो. तो अडवायचा असेल तर ‘ब्लॉक-लोकल’ हा वेगळा शब्द लिहावा लागतो. म्हणजे घराशी बोलणं ही मूळ स्थिती, आणि भिंत मागून बांधलेली.

विरोधी बाजूचा सर्वांत मजबूत पुरावा सिस्को कंपनीच्या व्हीपीएनमधला आहे. तिथे प्रशासक सगळी वाहतूक बोगद्यात घालतो आणि स्थानिक जाळ्याची मुभा वेगळी द्यावी लागते. कर्मचाऱ्यालाही एका चौकटीत खूण करावी लागते. पण ती मुभा ज्या पत्त्याने लिहितात तो आहे ०.०.०.०. कुणाचाच नसलेला पत्ता, आणि अर्थ मात्र ‘तू बसला आहेस ते घर, कुठलंही असो’. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये शून्याला ‘हे जाळं, हे यंत्र’ असाच अर्थ दिला आहे. सिस्कोची लकब तिथूनच आली असणार. मुभा देणाऱ्यालाही शेवटी ‘इथलं’ सांगण्यासाठी ही जुनी खूणच वापरावी लागली.

प्रिंटर गप्प होण्याचं आणखी एक कारण नावाचं आहे. ‘लोकल’ने संपणारं प्रिंटरचं नाव लॅपटॉप २२४.०.०.२५१ या पत्त्यावर खोलीभर हाक मारून शोधतो. ती हाक राउटर ओलांडत नाही, बोगद्यात तर सहसा शिरतच नाही. व्हीपीएनमुळे ही हाक अडली की प्रिंटर सापडत नाही; अशा वेळी तो त्याच्या आकडी पत्त्याने जोडला की काम होतं. यूएसबीची तार लावली तर हे सगळे वादच उरत नाहीत, कारण ते जाळंच नव्हे.

सुरक्षेच्या माणसांची भीती पोकळ नाही. २०२३ मध्ये मॅथी व्हॅनहूफ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, लबाड वायफायवाला एखाद्या खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता ‘हा आमच्या घरातलाच’ असं सांगू शकतो. मग घरासाठी सोडलेल्या फटीतून तुमची वाहतूक व्हीपीएनच्या बाहेर पडते. त्यावरचा एक उपाय असा की, स्थानिक मुभा फक्त खासगी पट्ट्यांना द्यायची: १०, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. म्हणजे १९९४ मध्ये ज्या यादीवर लीअर तुटून पडले होते, तीच आता ‘घर’ कशाला म्हणायचं याची कसोटी आहे.

टक्कर टाळायचा मार्ग १९१८ ने सांगितलेलाच आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन १९२.१६८.१ च्या जागी १९२.१६८.१७३ असा कुठलाही आडवातिडवा आकडा लिहावा, राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद करून चालू करावेत, आणि प्रिंटर नव्या पत्त्याने पुन्हा जोडावा. कंपनीने मुद्दाम भिंत घातली असेल तर मात्र हे पुरत नाही. तिथे आयटी विभागाकडे स्थानिक जाळ्याची मुभा मागावी लागते.