आधी नाव, मग खुलासा : डोमेन नावांच्या तंट्यांचा इतिहास

धागा 🧵

१/ ऑक्टोबर २०२४ मधील एक बातमी आठवते का? दोन मोठ्या मनोरंजन कंपन्यांच्या विलीनीकरणाची कुणकुण लागताच एका तरुण अभियंत्याने ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ हे नाव आधीच स्वतःकडे नोंदवून ठेवले होते. त्याच्या मोबदल्यात केंब्रिजमधील आपल्या शिक्षणाचे शुल्क कंपनीने द्यावे, अशी त्याची जाहीर विनंती होती. कंपनीने ती मानली नाही. समाजमाध्यमांवर मात्र एकच प्रश्न घुमत राहिला : आधी त्याने घेतले, मग ते नाव त्याचेच नव्हे काय?

२/ या प्रश्नाचे उत्तर पंचवीस वर्षांपूर्वीच मिळाले आहे आणि ते घडविण्यात मुंबई उच्च न्यायालयाचा मोठा वाटा आहे. तो इतिहास आज पाहू. स्वतःच्या धंद्यासाठी वा हौसेखातर डोमेन नाव घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाशी त्याचा थेट संबंध आहे.

३/ प्रारंभ आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापासून करू. कारण नाव लागले म्हणजे हक्क सिद्ध झाला काय, हा वाद या मातीला नवा नाही. निजामशाहीपासून पेशवाईपर्यंत पाटीलकी-कुलकर्णाच्या वतनांवरून दख्खनच्या गावोगावी तंटे होत. गोतसभा बसे, वादी-प्रतिवादी आपापला करीना मांडत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई.

४/ त्या सभेत नुसता कागद दाखवून भागत नसे. कागद अस्सल की बनावट, भोगवटा कोणाचा, गावचे लोक काय सांगतात, हे सारे पाहिले जाई. इतिहासाच्या अभ्यासकालाही हीच कसोटी शिकविली जाते : तंटा उद्भवल्यानंतर रचलेली हकीकत नेहमी संशयाने वाचावी. ही कसोटी ध्यानात ठेवून आता इंटरनेटच्या युगात येऊ.

५/ संगणकांच्या आकडेरूपी पत्त्यांना लक्षात राहतील अशी नावे देणारी डोमेन व्यवस्था १९८३ मध्ये आखली गेली. ‘डॉट कॉम’चे पहिले नाव मार्च १९८५ मध्ये नोंदले गेले. नियम साधा होता : जो आधी येईल, त्याला नाव मिळेल. मागणाऱ्याचा त्या नावाशी संबंध काय, हे नोंदणी करणारा विचारत नसे. आजही ही प्रक्रिया यंत्रवत चालते. सगळ्या घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

६/ कारण व्यापारचिन्हाचा कायदा निराळ्या तत्त्वावर उभा आहे. एकच नाव साबणालाही असू शकते आणि सायकलीलाही. ग्राहकाची फसगत होऊ नये, एवढीच त्याची अट. डोमेन नाव मात्र जगात एकच. त्यामुळे ‘आधी कोण आला’ आणि ‘नावलौकिक कोणाचा’ हे दोन हक्क समोरासमोर उभे ठाकले.

७/ पहिला खुलासा. अमेरिकेत एका इसमाने प्रसिद्ध कंपन्यांची शंभरावर नावे नोंदवून ठेवली होती. त्यांपैकी एक होते ‘पॅनाव्हिजन डॉट कॉम’. पॅनाव्हिजन ही चित्रपटांचे कॅमेरे पुरविणारी कंपनी. तिने हरकत घेतली, तेव्हा त्या संकेतस्थळावर इलिनॉय राज्यातील ‘पॅना’ नावाच्या गावाची छायाचित्रे होती! नाव सोडण्यासाठी त्याने १३,००० डॉलर मागितले. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला.

८/ त्याच वर्षी इंग्लंडच्या अपील न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. मार्क्स अँड स्पेन्सर, सेन्सबरी, व्हर्जिन अशा नावांची नोंदणी करून ती विकू पाहणाऱ्यांचा युक्तिवाद होता, ‘आम्ही संकेतस्थळ चालवीतच नाही, मग फसवणूक कसली?’ न्यायालयाने बजावले की असे नाव बाळगणे म्हणजे फसवणुकीचे हत्यार हाती ठेवणे होय. म्हणजे नाव घेऊन नुसते पडू दिले तरी जोखीम टळत नाही.

९/ आता भारत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. चार वर्षांच्या आत तंटे न्यायालयात पोहोचले. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहूइंडिया डॉट कॉम’ हे नाव वापरण्यास मनाई केली. त्या वेळी लागू असलेला १९५८ चा कायदा केवळ वस्तूंच्या चिन्हांपुरता होता. सेवा त्यात बसत नव्हत्या. तरीही न्यायालयाने ‘पासिंग ऑफ’ या जुन्या तत्त्वाचा आधार घेतला : आपला माल दुसऱ्याचा म्हणून कोणी खपवू नये.

१०/ दुसरा खुलासा, आणि हा मुंबईचा. ‘रेडिफ’ हे तेव्हा भारतीय इंटरनेटवरील बिनीचे नाव. प्रतिवादींनी घेतलेले नाव होते ‘रॅडिफ डॉट कॉम’. रोमन लिपीत फरक एका अक्षराचा : ‘ई’च्या जागी ‘ए’. प्रतिवादींनी सांगितले की ‘रॅडिकल’ची पहिली तीन अक्षरे आणि ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’ व ‘फ्री’ यांची आद्याक्षरे जुळवून आम्ही हे नाव घडविले!

११/ एप्रिल १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती होते मूळचे सोलापूरचे अजित प्रकाश शहा. दोन्ही पक्षांचे कार्यक्षेत्र एकच, नावे कानाला जवळजवळ सारखी आणि ग्राहकाचा गोंधळ उडण्याची शक्यता उघड. असे नाव घेण्यामागे रेडिफच्या लौकिकाचा लाभ उठविणे हाच हेतू दिसतो, असे म्हणत न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. डोमेन नाव हा निव्वळ पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मांडले गेले.

१२/ १९९९ हे वर्ष जगभरच निर्णायक ठरले. अमेरिकेने कायदा करून अशा प्रत्येक नावामागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाईची तरतूद केली. डोमेन व्यवस्था सांभाळणाऱ्या ‘आयकॅन’ने सर्व देशांतील नोंदणीधारकांना लागू होणारी तंटानिवारणाची पद्धत स्वीकारली. त्यामुळे देशाची सीमा ओलांडून दाद मागणे शक्य झाले.

१३/ तिचा लाभ घेणाऱ्या पहिल्या काही तक्रारदारांत मुंबईची बेनेट, कोलमन कंपनी होती. १८३८ मध्ये ‘बॉम्बे टाइम्स’ म्हणून निघालेल्या वृत्तपत्राच्या नावापुढे ‘द’ जोडून कोणीतरी ‘द टाइम्स ऑफ इंडिया डॉट कॉम’ घेतले होते; ‘इकॉनॉमिक टाइम्स’चीही तीच गत. २००० मध्ये दोन्ही नावे कंपनीकडे सोपविण्याचा आदेश झाला.

१४/ तिसरा खुलासा सर्वोच्च न्यायालयातील. सत्यम इन्फोवे कंपनीने आपल्या नावातील अक्षरांवरून ‘सिफी’ हा शब्द घडविला होता. दुसऱ्या कंपनीने ‘सिफीनेट’ घेतले, रोमन लिपीत एक ‘एफ’ जास्त घालून. तिचे म्हणणे असे की ही आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे आहेत. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठविली, आणि ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. तो खुलासा न्यायालयाला पटला नाही.

१५/ पॅना गाव, ‘रॅडिकल इन्फर्मेशन’ आणि पाच प्रवर्तक. तीन न्यायालये, तीन खुलासे, पण धर्तीने एकच : नाव आधी, कारण मागाहून. गोतसभेसमोरच्या बनावट कागदाची गत येथेही झाली. न्यायालयाने तारीख पाहिलीच, पण खरा निर्णय ठरला तो ‘हेच नाव का घेतलेस?’ या प्रश्नावर.

१६/ ‘डॉट इन’ नावांसाठी भारताची स्वतंत्र पद्धत आहे. त्यात लवाद निवाडा देतो. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नाव त्याच्या चिन्हाशी मिळतेजुळते आहे, नोंदणीधारकाचा त्यावर न्याय्य हितसंबंध नाही आणि हेतू वाईट आहे. आयकॅनच्या पद्धतीत वाईट हेतू नोंदणी करताना ‘आणि’ वापरतानाही दिसावा लागतो. भारतीय पद्धतीत या दोहोंपैकी एक पुरतो. म्हणजे ‘डॉट इन’ घेणाऱ्याने अधिकच सावध असावे.

१७/ समजा, संगमनेरच्या एखाद्या विद्यार्थ्याने नामांकित कंपनीचे नाव काही शे रुपयांत घेतले आणि कंपनीला पत्र लिहिले, ‘पाच लाख द्या, नाव देतो.’ ते पत्रच त्याच्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा ठरेल. लवादापुढे नाव जाईल; न्यायालयात मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि दाव्याचा खर्चही अंगावर येऊ शकतो. त्या नावाने लोकांना फसवून पैसे घेतले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१८/ हे भांडण केवळ बड्या कंपन्यांचे आहे, असेही समजू नये. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात हिंदुस्थान युनिलिव्हरच्या नावाशी साधर्म्य असलेली बनावट संकेतस्थळे वितरक नेमण्याचे आमिष दाखवीत होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती नावे निलंबित करण्याचा आदेश दिला. त्यांत पैसा बुडण्याची भीती होती ती छोट्या व्यापाऱ्यांचा.

१९/ आपल्याच जिल्ह्यातील शिर्डी पाहा. साईबाबा संस्थानाचे अधिकृत संकेतस्थळ ‘साई डॉट ऑर्ग डॉट इन’ आहे. दर्शनाची आणि निवासाची नोंदणी दूरदूरचे भक्त संगणकावरूनच करतात. उद्या एका अक्षराचा फेर करून कोणी तसेच नाव घेतले, तर नागवला जाईल तो आंध्रातून किंवा विदर्भातून आलेला यात्रेकरू. ‘पासिंग ऑफ’चे तत्त्व मुळात त्याच्यासाठी आहे.

२०/ कायदा प्रामाणिक माणसाच्या आड मात्र येत नाही. ‘शादी डॉट कॉम’ने ‘सेकंड शादी डॉट कॉम’ला रोखू पाहिले, तेव्हा २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. ‘शादी’ हा सर्वांचा शब्द. त्यावर एकाची मक्तेदारी कशी असेल? बड्या कंपनीने दुर्बळाचे न्याय्य नाव बळकावण्यासाठी खोटी तक्रार केली, तर आयकॅनच्या पद्धतीत तिच्यावरही ठपका ठेवता येतो.

२१/ म्हणून नाव घेण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदवहीचा ऑनलाइन शोध घ्यावा. तो विनामूल्य आहे. नाव का निवडले, याची नोंद त्याच दिवशी तारखेसह करून ठेवावी. आयकॅनच्या पद्धतीनुसार तक्रार आली, तर उत्तरासाठी २० दिवस मिळतात. ते वाया घालवू नयेत.

२२/ पहिल्या प्रश्नाकडे परतू. आधी घेतले म्हणजे आपले झाले काय? नोंदवही म्हणते, होय, सध्यापुरते. न्यायालय त्यापुढे विचारते : तंटा उभा राहण्यापूर्वी या नावाची तुझी हकीकत काय होती? सांगण्यासारखी हकीकत असेल, तर नाव निर्धास्त घ्यावे. नसेल, तर मागाहून रचलेली टिकत नाही.