दुष्काळाच्या रस्त्यावरची सायकल

गेल्या पौषात एका रविवारी परभणीहून आलेली चार पोरं माझ्या दुकानासमोर थांबली. वडिलांनी टाकलेलं जिंतूरचं हे सायकलचं दुकान आता माझ्याकडे आहे. पोरांच्या सायकली मात्र आमच्या दुकानातल्या जातीच्या नव्हत्या. जाड खाचांचे टायर, पुढच्या फोर्कमध्ये धक्का गिळणारी स्प्रिंग, डिस्क ब्रेक. एकेकीची किंमत माझ्या दुकानातल्या सगळ्या मालाएवढी. एकाच्या ट्यूबमधून बाभळीचे तीन काटे निघाले. मी पंक्चर काढत असताना त्यातल्या एकाने विचारलं, "काका, वर डोंगरात भारी ट्रेल आहे. चढ एकसारखा, वळणं मोठी. पण मधेच संपतो. समोर नुसता दगडांचा ढीग. पुढची वाट कुठून जाते?"

पुढे वाट नाही, एवढंच मी सांगितलं. का नाही, हे नीट सांगता यायला मला वर्ष लागलं.

या खेळाचा इतिहास पुस्तकांत कॅलिफोर्नियापासून सुरू होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन परगण्यात तमालपाइस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तिथली काही पोरं १९३०-४०च्या जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलायची आणि जंगलातल्या, आगीच्या वेळी उपयोगी पडावेत म्हणून काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ला त्यांनी पहिली शर्यत लावली. तिचं नाव 'रिपॅक'. हे नाव वाचून मी दुकानात एकटाच हसलो, कारण ते एखाद्या मिस्त्रीनेच ठेवलेलं असणार. त्या सायकलींना मागचा ब्रेक चाकाच्या हबमध्ये असायचा, पायडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोहोचलं की हब खोलून नवं ग्रीस भरायचं, म्हणजेच 'रिपॅक'. पुढे १९७७मध्ये जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम फ्रेम बनवली, १९७९मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाचा धंदा काढला, १९८१मध्ये कारखान्यात घाऊक बनलेली सायकल आली आणि १९९६ला अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिक.

आमच्याकडे मात्र डांबरी रस्त्यावर सायकल चालवणं हीच चैन होती. जिंतूरला रेल्वे नाही. मनमाड-सिकंदराबाद मार्ग परभणी, सेलूवरून गेला; आम्ही बाजूला राहिलो. खेड्यावरचा मास्तर, टपालवाला, दूधवाला, कापसाचा दलाल हे सगळे पांदीतून आणि गाडवाटेतून सायकल हाणत. बावीस इंची काळी सायकल, रॉडचे ब्रेक, मागे कॅरिअरला साठ-सत्तर किलोचं पोतं. गिअर, स्प्रिंग असली भानगड नाही. त्याला कुणी खेळ म्हटलं नाही, एवढाच फरक.

काळ्या जमिनीतून पावसाळ्यात सायकल नेणं काय असतं, हे परभणीबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमची माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. पन्नास पावलांत टायर आणि मडगार्ड यांच्या मधली जागा गाऱ्याने गच्च भरते, चाक फिरायचं थांबतं. मग काडी घेऊन गारा उकरायचा, पुन्हा पन्नास पावलं. शहाणी माणसं मृगापूर्वीच दुकानात येऊन मडगार्ड उतरवून ठेवायची. चार महिने आमच्या भिंतीला मडगार्डांच्या माळा लटकत. त्याहून शहाणी माणसं सायकल खांद्यावर घेत. सायकलवर माणूस बसतो की माणसावर सायकल, असा विनोद वडील दरवर्षी करायचे आणि दरवर्षी गिऱ्हाईक हसायचं.

म्हणूनच डोंगर महत्त्वाचा. जिंतूरच्या आसपास, नेमगिरीपासून येलदरीच्या जलाशयाकडे जाताना अजिंठ्याच्या रांगेचे फाटे लागतात. उंची फार नाही. सागाची खुरटी झाडं, पळस, खैर, धावडा, तेंदू, मधेच बोरीबाभळी. याला जंगल म्हटलं तर चंद्रपूरचा माणूस हसेल, पण परभणी जिल्ह्यात जंगल म्हणून दाखवायला जे थोडंफार आहे त्यातलं हे एक. जमीन मुरमाड. पाणी ठरत नाही, चाक रुतत नाही. पाऊस उघडल्यावर तासाभरात सायकल चालवता येईल असा जिल्ह्यातला हाच पट्टा, आणि पोरं तो शोधत आली यात नवल नाही.

नवल त्या रस्त्याचं होतं. डोंगरातली पायवाट गुरांनी पाडलेली असते; ती झाडाला वळसा घालते, चढाला नागमोडी जाते आणि कुठेही एकसारखी रुंद नसते. ही वाट बारा फूट रुंद. चढ मोजून काढलेला. बाजूला दगड रचून केलेली पाळ, ओढ्यावर फरशी. ही गुरांची वाट नव्हती, कुणीतरी आखून बांधलेला रस्ता होता. आणि तो कोणत्याच गावाला जात नव्हता.

उत्तर घरातच होतं. आई आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. मी मोबाइलवर पोरांनी काढलेला फोटो दाखवला. तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "ही तर आमची खडी."

१९७० ते १९७३ सलग पाऊस फसला. १९७२ला तर मराठवाड्यात पेरलेलं उगवलं नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणं. मे १९७३मध्ये महाराष्ट्रभर या कामांवर रोज सुमारे पन्नास लाख माणसं होती. हा आकडा लिहिताना हात थांबतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं कौतुक आहे, की एवढ्या मोठ्या दुष्काळात भुकेने माणसं मोठ्या संख्येने मेली नाहीत. ते खरं आहे. याच अनुभवावर वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा १९७७चा कायदा उभा राहिला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला, आणि देशाचा २००५चा कायदा त्याच पायावर आला. पण त्याच पुस्तकांत खडीच्या कामाला 'अनुत्पादक' असा शब्द असतो. कुठेही न जाणारे रस्ते, कुणीही न वापरलेली खडी. अर्थशास्त्र म्हणून माझं त्याबद्दल म्हणणं नाही. तो शब्द मी आईला वाचून दाखवलेला नाही.

त्या वर्षी सायकल भाड्याने कोण नेणार? एरवी तासाला पंचवीस पैसे. बाजाराच्या दिवशी आठही सायकली बाहेर असायच्या. १९७३च्या उन्हाळ्यात वडिलांनी दोन सायकली विकल्या आणि आई खडीवर गेली. मी चार वर्षांचा होतो. पळसाला झोळी बांधून धाकट्या बहिणीला तीत टाकायची आणि मला तिच्याजवळ बसवायचं. मला आठवतो तो फक्त आवाज: दोनशे हातोड्या एकदम आणि तरी वेगवेगळ्या. आईला बाकीचं आठवतं. बोटांना बांधलेल्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, ज्या वडील दुकानातून कापून द्यायचे आणि शेजारच्या बायका मागून घ्यायच्या. कामावर मिळणारी सुकडी. रेशनची तांबडी मिलो, जिची भाकरी थापताना तुटायची. मोजणी ब्रासवर: शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. टोळीने ढीग लावायचा, आठवड्याला माप व्हायचं, मगच पैसे.

"मग रस्ता अर्धाच का राहिला?"

"पाऊस आला की. रोहिण्या बरसल्या, मृग लागला. ज्याची जमीन तो पेरायला पळाला. माप घ्यायला कुणी वर आलंच नाही."

पोरांना जो ट्रेल मधेच संपल्यासारखा वाटतो, तो जून १९७३मध्ये संपला आहे.

मरिनची पुढची गोष्टही मला इथे आठवते. तिथे सायकली वाढल्या तशी पायी फिरणाऱ्यांशी आणि घोडेस्वारांशी भांडणं लागली. १९८०च्या दशकात अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आली. तेव्हा त्या मंडळींनी १९८८ला आपली आंतरराष्ट्रीय संघटना काढली, आणि वाट वापरायची तर वाट राखायला श्रमदानही करायचं अशी रीत पाडली. फावडी घेऊन रविवारी डोंगरावर जायचं, धूप थांबवायची, पाण्याला बाजूने वाट द्यायची.

आमच्याकडे भांडण खाली, पायथ्याच्या पांदीत लागलं. पोरांचा गट चाराचा वीसाचा झाला. कुणीतरी फोनच्या नकाशावर वाटेला इंग्रजी नाव दिलं, त्यात 'किलर' असा शब्द होता. एका सायकलने धनगराच्या कळपात गडबड उडवली, कोकराचा पाय मोडला. आठवड्यात पांदीच्या तोंडाशी बोराटी पडली. पोरं माझ्याकडे आली, जणू बोराटी मीच टाकली.

मी गावनकाशा काढून आणला. आमच्या नकाशात गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने. मापं साखळीची: तेहतीस फुटांची साखळी, तिची अर्धी साडेसोळा फूट, पाव सव्वाआठ. पायथ्याची ती पांद दुहेरी रेषेची निघाली. म्हणजे ती कुणाच्या मालकीची नाही आणि ती अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पोरांचे चेहरे खुलले. मग मी दुसरी बाजू सांगितली. पांद संपते तिथे वनाची हद्द सुरू होते, आणि १९२७च्या वन कायद्यात राखीव वनात विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. सरपण आणणाऱ्या बाईला तेंदूच्या झाडाखाली हटकतात ते याच कलमाने. तुमची सायकल लाखाची आहे म्हणून कलम बदलत नाही. आधी रीतसर परवानगी मागा. आणि कोकराचे पैसे द्या.

पैसे दिले. धनगराने घेताना कमी करून घेतले. आमच्याकडे असं होतं. बोराटी त्याने नव्हे, पांदीला लागून शेत असलेल्या दुसऱ्याच गृहस्थाने टाकली होती, हे मागाहून कळलं. अर्धी पांद त्यांनी तूर पेरून केव्हाच शेतात घेतली होती. सायकली हे निमित्त. त्यांना नकाशा दाखवायला आम्ही गेलो तेव्हा पोरांबरोबर गावातले अकरा जण आपणहून आले, कारण त्या पांदीअभावी त्यांचा ऊस आणि कापूस दोन किलोमीटर वळसा घालून जात होता. नऊ फूट सुटली आहे. साडेसोळा व्हायची आहे. अर्ज दाखल आहे, तारखा पडताहेत.

परवानगी माघात मिळाली: रविवारी सकाळी, नावं नोंदवून, ठरलेल्या वाटेनेच. पोरांनी इंग्रजी नाव काढलं. नवं नाव काय ठेवू म्हणून विचारलं तेव्हा मी आईचा शब्द सांगितला. आता फोनच्या नकाशावर त्या वाटेला 'खडी' म्हणतात.

आईला वर नेणं जमणार नव्हतं. तिने एकच विचारलं, ढीग आहे का अजून. आहे, म्हणालो, पोरं त्याच्यावरून सायकल उडवतात हे सांगितलं नाही. "माप घेऊन ये," ती म्हणाली.

मी टेप घेऊन गेलो. ढिगावर तरोटा उगवला होता, एका बाजूला टायरच्या खाचा होत्या. लांबी सोळा फूट, रुंदी आठ, सरासरी उंची दीड. घरी येऊन सांगितलं: एकशे ब्याण्णव घनफूट, दोन ब्रासला आठ कमी.

"दोन पुरा होता," आई म्हणाली. "त्या पोरांनी उडवला असंल थोडा."